दूरदेशीचे भाऊबंद: बडोदे, रैयोली, पावागढ, गणपतपुरा

पहिला दिवस : कमाठीबाग

आषाढ नुकताच लागलेला, रात्रभर पाऊस झालेला, विश्वामित्री गढूळ. सकाळी दांडिया बाजाराच्या बाजूला सेव उसळ. वाटाण्याची पातळ उसळ, वर जाड शेव, कांद्याची पात, आणि तिखट तरी वेगळ्या भांड्यातून हवी तेवढी. शेजारच्या बाकावरच्या आजी सांगत होत्या की त्यांच्या सासरची मंडळी गायकवाडांच्या फौजेबरोबर इकडे आली, आणि त्यांचं आडनाव अजून साताऱ्याकडच्या दोन गावांत आहे. उसळही अशीच इकडे आली आणि इथल्या जिभेप्रमाणे बदलली.

या चार दिवसांचा विषय नेमका हाच होता, फक्त माणसांऐवजी झाडांचा आणि प्राण्यांचा. एकाच कुळातले जीव हजारो मैल अंतरावर, मध्ये समुद्र असताना, कसे सापडतात? याची उत्तरं दोन. घराची वाटणी झाली, जमीनच दुभंगली आणि भाऊ जागच्या जागी वेगळे झाले. किंवा घर आहे तिथेच राहिलं आणि एक भाऊ बाहेर पडला. साताऱ्याच्या आणि बडोद्याच्या आडनावांत दुसरा प्रकार घडला, हे कागदपत्रांवरून कळतं. झाडाझुडपांच्या बाबतीत कागद नसतात. तिथे एकच प्रश्न उपयोगी पडतो: वेगळे झाले कधी? भाऊबंद विभक्त होण्याची तारीख आणि जमीन फाटण्याची तारीख जुळली तर वाटणी संभवते. भाऊबंद जमिनीनंतर फार उशिरा विभक्त झाले असतील तर कोणीतरी समुद्र ओलांडला.

कमाठीबाग १८७९ची, सयाजीराव महाराजांनी केलेली. आत शिरताना मोठाले वर्षावृक्ष पाहिले, की ते मूळचे मध्य आणि दक्षिण अमेरिकेचे हे मनातही येत नाही. गुलमोहर मादागास्करचा. हे माणसाने आणलेले, म्हणून यांचा हिशेब सोपा. त्यांना या यादीतून आधी काढून टाकायचं, नाहीतर पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात.

प्राणिसंग्रहालयातल्या सिंहाजवळ मात्र थांबावं. गीरचा सिंह आणि आफ्रिकेचा सिंह आज एकमेकांपासून इतके दूर आहेत, तरी यात ना खंड फुटलं, ना सिंह पोहला. इराक, इराण या मधल्या सगळ्या पट्ट्यात सिंह होते. इराणात तर विसाव्या शतकाच्या चाळिशीपर्यंत त्यांच्या नोंदी आहेत. शिकारीने मधली माळ तुटली आणि दोन टोकं उरली. गीरच्या सिंहाला आज शास्त्रज्ञ पश्चिम आणि उत्तर आफ्रिकेच्या सिंहांसोबत एकाच उपजातीत धरतात. म्हणजे वाटणी आणि प्रवास यांच्या जोडीला हा तिसरा प्रकार: वस्ती सलग होती, मधले गेले. अशा ठिकाणी मधल्या प्रदेशातली जुनी हाडं, चित्रं, शिकारीच्या नोंदी हाच पुरावा.

बागेतल्याच बडोदा संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सुमारे ७० फुटांचा. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेला. त्याच्याखाली उभं राहून वर बघायला विसरू नये. पहारेकरी काकांनी आपणहून एक बाजू दाखवली, जिथून वल्ह्यासारख्या पुढच्या परांमधली लहान हाडं आणि त्यामागे पाठीचा कणा एका रेषेत दिसतो. कॅमेऱ्याला हवी तेवढी उजेडाची जागा तीच.

*सूचना:* संग्रहालय, रैयोलीचं उद्यान आणि पावागढचा रोपवे यांच्या साप्ताहिक सुट्या आणि पावसाळी वेळा वेगवेगळ्या असतात. आदल्या दिवशी फोन करूनच निघावं.

दुसरा दिवस : रैयोली

सावलीमार्गे बालासिनोर आणि तिथून रैयोली, बडोद्यापासून सुमारे १०० किलोमीटर. मध्ये चहाला थांबलं तर अडीच-तीन तास. गावाबाहेर उघड्यावर चुनखडीचे आणि वाळूखडकाचे पांढुरके उंचवटे आहेत. हे लॅमेटा थर, डायनासोरयुगाच्या शेवटी साचलेल्या गाळाचे. १९८०च्या दशकात इथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या लोकांनी डायनासोरची हाडं गोळा केली. शेजारच्या संग्रहालयाचं उद्घाटन २०१९चं. बालासिनोरच्या नवाब घराण्यातल्या आलिया सुलताना बाबी यांनी ही जागा जपण्यासाठी वर्षानुवर्षं केलेली धडपड गावात सगळ्यांना माहीत आहे.

बरोबर वाटाड्या घ्यावाच लागतो, आणि घेतला नाही तर अर्ध्या गोष्टी पायाखाली तुडवल्या जातील. आमच्या वाटाड्या भाईंनी पाण्याची बाटली काढली, एका खडकावर ओतली आणि म्हणाले, "आ जुओ, ईंडुं." कोरड्या दगडात काहीच नव्हतं. ओल्या दगडात एक काळसर वर्तुळ उमटलं, साधारण वीतभर व्यासाचं. दगड भिजला की अंड्याच्या कवचाचा आणि आतल्या गाळाचा रंग वेगळा पडतो. रात्री पाऊस झालेला असेल तर हे काम निसर्गच करून ठेवतो, म्हणून पावसाळ्याची पहिली उघडीप ही इथे येण्याची सगळ्यात चांगली वेळ. वांधा एकच: चुनखडीवर शेवाळ धरलेलं असतं. गुळगुळीत तळव्याच्या चपला घालून आलेले दोघं आमच्यासमोर घसरले.

खडकात दिसतं ते हाड की नुसता दगड, हे ओळखायची रीत अशी. तुटलेल्या कडेकडे जवळून बघावं. हाड असेल तर आत स्पंजासारखी जाळी दिसते. अंड्याचं कवच दोन-एक मिलिमीटर जाडीचं, किंचित वळलेलं, बाहेरून बारीक उंचवट्यांचं. खडकातून गेलेली कॅल्साइटची शीर तितकीच पांढरी असली तरी सरळ जाते आणि जाडी बदलत राहते. नवशिक्यांची फसगत नेहमी तिथेच होते. फोटो दुपारी काढू नयेत, डोक्यावरच्या उन्हात उठाव नाहीसा होतो. सकाळी नऊच्या आत, किंवा हातातल्या बॅटरीचा उजेड तिरपा टाकून काढावेत. आणि खडकाला हात लावायचा तो बघण्यापुरता. तुकडा उचलणं हा गुन्हा आहे, शिवाय जागेवरून हलवलेल्या हाडाची निम्मी माहिती तिथेच मरते.

इथून निघालेल्या हाडांवरून २००३ साली राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिलं गेलं. दोन पायांवर चालणारा मांसाहारी, साडेसहा-सात मीटर लांबीचा, कपाळावर एक बुटकं शिंग. त्याचा जवळचा नातलग माजुंगासॉरस, आणि तो सापडतो मादागास्करच्या वायव्य भागात. याच मोठ्या कुळातला कार्नोटॉरस अर्जेंटिनात. तिघेही डायनासोरयुगाच्या शेवटच्या काळातले, सात कोटी वर्षांच्या आगेमागे. आता तारखा लावून बघा. भारत आणि मादागास्कर एकत्र आफ्रिकेपासून सुटले सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वी. त्यानंतर अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्याशी असलेली जोड तुटली. भारत मादागास्करपासून सुटला सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी. राजासॉरस आणि माजुंगासॉरस यांचा समाईक पूर्वज त्याआधी होऊन गेला असेल, तर हा वाटणीचा चोख नमुना. या सगळ्या एकत्र भूखंडाचं नाव गोंडवन, ते आपल्याच मध्य प्रदेशातल्या गोंडांच्या मुलखावरून ठेवलेलं, आणि वाटणी झाली ती याच घराची.

सापाची गोष्ट तर आणखी जिवंत. जवळच्याच धोळी डुंगरीला टायटॅनोसॉर जातीच्या शाकाहारी डायनासोरच्या घरट्यात एक सांगाडा सापडला. १९८०च्या दशकात तो पिल्लाचा मानला गेला. पुढे बारकाईने बघितल्यावर कळलं की त्यातले मणके सापाचे आहेत. साप साडेतीन मीटरचा, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, आणि शेजारी नुकतंच बाहेर आलेलं अर्ध्या मीटरचं पिल्लू. वाळूचा लोट आला आणि सगळे तसेच गाडले गेले. २०१० साली त्याला सनाजेह इंडिकस हे नाव मिळालं. त्याचे दूरचे भाऊबंद मॅड्सोइडी कुळातले साप: दक्षिण अमेरिकेत, मादागास्करमध्ये, ऑस्ट्रेलियात. ऑस्ट्रेलियातला वोनांबी तर हिमयुगापर्यंत टिकला. कच्छातल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतून मिळालेला, २०२४ साली नाव मिळालेला प्रचंड वासुकी हाही त्याच कुळातला, पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीचा.

पण सगळं इतकं सरळ बसत नाही, आणि ही अडचण लपवू नये. दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये सापडलेला डेक्कनोलेस्टीस हा चिचुंदरीएवढा सस्तन प्राणी. त्याच्या कुळातले बाकीचे आफ्रिकेत आणि युरोपात. भारत त्यावेळी एकटा तरंगत होता तर हे कुठून आले? म्हणजे एकटेपण पुरतं नव्हतं. मध्ये बेटांच्या रांगा असतील, किंवा कोणीतरी तरंगत आलं असेल. वाटणीच्या घरातही पाहुणे येत होते.

दुपारी बालासिनोरला एका घरगुती खानावळीत बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, ताक आणि दुधीचं शाक. वाढणाऱ्या बहेनांनी आग्रह करून दुधी दोनदा वाढला. हा दुधी आफ्रिकेचा. अमेरिकेत तो दहा हजार वर्षांपूर्वीच होता, कोलंबसाच्या फार आधी. कोणी नेला? २००५ साली एका जनुकीय अभ्यासाने आशियातून माणसांनी नेला असं म्हटलं. २०१४ साली नव्या नमुन्यांनी ते पालटलं: अमेरिकेतले जुने दुधी आफ्रिकेच्या जवळचे, आणि ते अटलांटिकवरून तरंगत गेले. वाळलेला दुधी पोकळ, टणक, पाणी आत न जाणारा. समुद्राच्या पाण्यात सात महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या दुधीच्या बिया नंतर रुजल्याचे प्रयोग आहेत. एका उत्तराने प्रश्न संपत नाही याचं हे ताटातलं उदाहरण.

तिसरा दिवस : पावागढ

चांपानेरचे पडके दरवाजे धुक्यात अर्धे बुडालेले. माचीपर्यंत वाहन जातं, पुढे पायऱ्या किंवा रोपवे. धुक्यामुळे रोपवे तासभर थांबला होता, त्यामुळे पायऱ्याच. डोंगराकडे लांबून बघितलं तर पायऱ्यापायऱ्यांचे कडे दिसतात. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचे थर, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. वरच्या भागात काळ्या बेसाल्टऐवजी फिकट, सिलिकायुक्त रायोलाइट लागतो. दख्खनच्या पठारावर असा खडक फार ठिकाणी नाही, म्हणून हात लावून बघण्यासारखा.

पावागढचे थर साचत होते त्याच्या मागोमाग भारताचा शेवटचा तुकडा सुटला: सेशेल्स. इथे एक गोष्ट आहे जी या सगळ्या प्रवासाचा गाभा आहे. सेशेल्सच्या ग्रॅनाइटी बेटांवर सूग्लॉसिडी कुळातले इवलेसे बेडूक आहेत. त्यांचा सर्वांत जवळचा नातलग सह्याद्रीच्या दक्षिण भागात राहणारा जांभळा बेडूक, नासिकाबॅट्रॅकस, वर्षातले काही दिवस सोडले तर जमिनीखालीच राहणारा. त्याचं वर्णन २००३ साली झालं. बेडकाला खारं पाणी सोसत नाही, आणि दोघांची ताटातूट अतिशय जुनी. म्हणून ही वाटणी.

आणि त्याच सेशेल्सवर एक घोयरा सरडाही (रंग बदलणारा, शॅमेलिऑन) आहे. तो मात्र वाटणीचा नाही. त्याच्या जनुकांवरून तो आफ्रिकेकडून समुद्रावरून आला असं दिसतं. पुराने उखडलेल्या झाडाझुडपांचे तराफे वाहत जातात, आणि त्या काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून प्रवाह पूर्वेकडे वाहत होते. आज ते उलटे आहेत. म्हणून आजच्या प्रवाहाचा नकाशा बघून ‘हे अशक्य’ म्हणणं चूक ठरतं. एकच बेट, दोन रहिवासी, दोन वेगळे इतिहास. बेडकाचा नियम सरड्याला लावता येत नाही.

हे बोलत उतरत होतो तेव्हाच, माचीखालच्या वळणावर रस्त्यात तो भेटला. पाऊस थांबला होता आणि हिरवागार घोयरा एकेक पाय पुढे-मागे झुलवत डांबरावरून चालला होता. मक्याची कणसं भाजणाऱ्या मावशी ओरडल्या, "काचिंडो छे, हाथ ना लगाडशो!" त्यांच्या मते तो विषारी. तो विषारी नाही, पण हात लावू नये हे खरंच. तो ताणाने काळा पडतो. गाडी आडवी उभी करून मागची वाहनं थांबवली आणि तो घाणेरीच्या झुडपात शिरेपर्यंत वाट पाहिली. आशियात या कुळाच्या फार थोड्या जाती आहेत. बहुतेक आफ्रिकेत आणि मादागास्करमध्ये. मादागास्करला ते आफ्रिकेतून समुद्रावरून गेले, एकदा नव्हे दोनदा. भारतातला अरबस्तानाच्या बाजूने आलेला, अरबी जातींचा जवळचा.

*सूचना:* पावसाळ्यात पावागढ-जांबुघोड्याच्या रस्त्यांवर संध्याकाळी वाहन ताशी ३०च्या आत ठेवावं. घोयरा रस्ता ओलांडताना पळत नाही.

चौथा दिवस : गणपतपुरा

भायलीमार्गे पादरा तालुक्यात, बडोद्यापासून वीसेक किलोमीटर. शेवटचा टप्पा शेतातला. पाऊस असेल तर गाडी डांबरावरच ठेवावी, काळ्या मातीत चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही. आम्ही दुपारी चारनंतर पोचलो, मुद्दाम.

गोरखचिंच. गुजरातीत रुखडो किंवा गोरख आमली. शेतांच्या मध्ये एक राखाडी बुरूज उभा आहे आणि त्याला वरून फांद्या फुटल्या आहेत. पानं आली होती, पाच-सात पर्णिकांची, हाताच्या पंजासारखी. काटेसावरीच्या पानांशी नवखा माणूस गल्लत करतो, आणि ते साहजिक आहे: दोघी एकाच कुळातल्या. फरक खोडात. सावरीवर काटे, गोरखचिंचेवर गुळगुळीत, घड्या पडलेली साल. शिवाय सावर उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलते, गोरखचिंच पावसाच्या तोंडाला पांढरी.

परीघ मोजायचा तर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, टेप आडवी ठेवून. शिंप्याचा टेप पुरत नाही, २० मीटरचा लागतो. टेप खोडाच्या घड्यांत न शिरवता वरून ताणून धरावा आणि तशी नोंद करावी, नाहीतर दोन मोजमापांची तुलना होत नाही. वयाबद्दल गावात साडेनऊशे वर्षं सांगतात. परिघावरून वय काढणं या झाडाच्या बाबतीत फसवं. लाकूड स्पंजासारखं, पाण्याने भरलेलं, वर्षवलयं नीट पडत नाहीत, आणि मोठं खोड पुष्कळदा अनेक खोडं एकमेकांत मिसळून झालेलं असतं. भरवशाची रीत म्हणजे लाकडाच्या नमुन्याचं किरणोत्सारी कार्बनाने वय काढणं. आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या झाडाचं वय त्या रीतीने सुमारे २,४५० वर्षं निघालं.

आता भाऊबंद. या वंशात आठ जाती. सहा मादागास्करमध्ये, एक आफ्रिकेत, एक ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात. नकाशा बघितला की पहिला विचार गोंडवनाचाच येतो, आणि वर्षानुवर्षं तसंच सांगितलं गेलं. तारखा मात्र जुळत नाहीत. या आठ जातींची फारकत गेल्या दोन-अडीच कोटी वर्षांतली, म्हणजे खंडं फुटल्यानंतर फार उशिराची. २०२४ साली आठही जातींची जनुकं वाचली गेली आणि उगम मादागास्करचा असावा असं निघालं. तिथून आफ्रिकेला आणि ऑस्ट्रेलियाला समुद्रावरून. फळाचं कवच लाकडासारखं टणक, बाहेरून मखमली, आत कोरडा आंबट गर आणि त्यात बिया. तरंगायला याहून चांगली पेटी कोणती?

भारतातली मात्र तरंगत आली असं दिसत नाही. २०१५ सालच्या एका अभ्यासात भारतातल्या झाडांची आफ्रिकेतल्यांशी तुलना झाली. इथली झाडं आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून, एकाहून अधिक वेळा आणलेली निघाली. वेगळी भारतीय जात तयार व्हायला वेळच मिळाला नाही. अरबी समुद्रावरचा व्यापार, गुजरातेत स्थायिक झालेले सिद्दी, रतनपूरचा अकीक आणि बावा गोरचा दर्गा, या सगळ्यांच्या बरोबर हे झाड आलं. म्हणून गणपतपुऱ्याचं झाड पाहताना तीन काळ एकदम समोर येतात: मादागास्करहून आफ्रिकेला समुद्राने, आफ्रिकेहून गुजरातला जहाजाने, आणि मग पादऱ्याच्या शेतात कोणाच्या तरी हाताने.

सात वाजता उजेड कमी झाला. लांब देठांवर लोंबणारे हिरवे गोल कळे आम्ही आल्यापासून तसेच होते. मग एकाची साल फाटल्यासारखी बाहेर वळली आणि पांढऱ्या पाकळ्या मागे उलटत गेल्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका. उमलणं डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने चालतं, पण टॉर्च सतत मारू नये. पहिलं वटवाघूळ आलं ते अंधार पुरता झाल्यावर. शेताचे मालक दादा म्हणाले, "वास उग्र, पण झाडाला तोच लागतो." वास खरोखरच आंबूस आहे. सकाळी हीच फुलं खाली तपकिरी होऊन पडलेली असतात, त्यामुळे फूल बघायचं तर रात्रीच.

निघताना दादांनी घरात ठेवलेलं गेल्या हिवाळ्यातलं एक फळ दिलं. हलवलं की बिया खुळखुळतात. रुजवायच्या असतील तर गर धुऊन काढावा, बी चाकूने किंवा कानशीने एका बाजूला किंचित घासावी, आणि गरम पाण्यात टाकून ते पाणी आपोआप गार होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, भिजत ठेवावी. फुगलेल्या बिया घ्याव्यात, न फुगलेल्या पुन्हा घासाव्यात. माती वाळूमिश्रित, पाणी बेताचं. उन्हात ठेवलं तर दोन-चार आठवड्यांत कोंब येतो. पहिली पानं एकेकटी, अखंड असतात, पंजासारखी नसतात. ती बघून दुसरंच काही उगवलं असं समजून रोप उपटू नये.